जुन्या सायकलीचा कर्ता कोण?

यंदाच्या वार्षिक प्रदर्शनात 'आजोबांच्या घरातील वस्तू' असा एक नवा विभाग आमच्या शाळेत उघडण्यात आला होता, हे पालकवर्गास ठाऊकच आहे. मुलांनी घरोघरच्या माळ्यांवरून व अडगळीतून पितळी कंदील, तागड्या, गजराची घड्याळे, हातशिलाईची यंत्रे अशा नाना वस्तू आणून मांडल्या. परंतु त्या सर्वांत जिच्यासंबंधी सर्वांत अधिक बोलणे झाले, आणि सांगावयास संकोच वाटतो की, काही कडू शब्दही ज्या वस्तूपायी निघाले, ती वस्तू म्हणजे एक सायकल. ती प्रदर्शनात मांडली गेली. परंतु तिच्यापुढे लावण्यासाठी मुलांनी मोठ्या हौसेने जो फलक रंगविला होता, तो आम्ही लावू दिला नाही. त्याबद्दल काही पालकांनी आम्हांस दोष दिला. मुलांचा हिरमोड केला, एका घराण्याच्या अभिमानास धक्का दिला, आणि एवढे करून साधले काय, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देणे आम्ही आपले कर्तव्य समजतो, आणि त्यासाठीच हा लेख लिहीत आहो.

फलकावर पुढील मजकूर होता: 'विलायतेत तयार झालेली बी. एस. ए. कंपनीची सायकल. सन १९४२ च्या लढ्यात हिच्यावरून निरोप नेले जात असत.'

ह्या दुसऱ्या वाक्याचे वजन आष्टीबाहेरच्या वाचकांस कदाचित कळणार नाही, म्हणून दोन शब्द सांगतो. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, ह्या गावच्या पोलीस ठाण्यावर लोकसमुदाय चालून गेला, गोळीबार झाला, माणसे प्राणांस मुकली. त्याच दिवशी चिमूर येथेही असाच प्रसंग घडला. तेव्हापासून आमच्या गावाच्या नावापुढे 'शहीद' हा शब्द लागला आहे. ज्या गावाचे नावच असे रक्ताने लिहिले गेले, त्या गावात 'सन १९४२' हे चार आकडे कोणत्याही वस्तूवर लिहिणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. ते आकडे लिहिणाऱ्याच्या अंगी जबाबदारी येते. आणि म्हणूनच आम्ही मुलांस विचारले, "हे तुम्हांस कशावरून कळले?"

सायकल आणणारा विद्यार्थी नववीतील. त्याने सांगितले, "सर, आमच्या पणजोबांची सायकल आहे. घरात सगळे असेच सांगतात. आणि चक्रावर बी. एस. ए. असे लिहिलेलेच आहे की!" खरोखरच पायडलच्या दातेरी चक्रात ती तीन इंग्रजी अक्षरे कोरून काढलेली स्पष्ट दिसत होती. मुलांच्या दृष्टीने वाद तेथेच मिटला होता. आमच्या दृष्टीने तो तेथे सुरू झाला.

बहुतेकांचा समज असा असतो की, वस्तूवर ज्याचे नाव, तोच तिचा कर्ता. परंतु आपल्याच घरातील मांडणीवरच्या भांड्यांकडे पाहा. घागरीवर, ताटावर, गडव्यावर नाव घातलेले असते. ते नाव तांबटाचे असते काय? ते देणाऱ्याचे असते किंवा घेणाऱ्याचे असते. ज्याने ती घागर ठोकून घडविली, त्याचे नाव तीवर कोठेच नसते. ही गोष्ट घरातील प्रत्येक आईस ठाऊक आहे. तेवढीच दृष्टी सायकलीकडे वळविली म्हणजे झाले.

बी. एस. ए. हे नाव बर्मिंगहॅम येथील बंदुका करणाऱ्या कारागिरांनी १८६१ साली स्थापिलेल्या कंपनीचे. एकमेकींस टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका हे तिचे चिन्ह. ही कंपनी पुढे सायकलीच्या धंद्यात शिरली, तेव्हा ती पुऱ्या सायकलीच तेवढ्या विकीत होती असे नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ती नळ्यांचे जोड, आस, चक्रे, पायडले असे सुटे भाग इतर सायकलवाल्यांस पुरवू लागली, आणि इंग्लंडातील गावोगावचे लहान दुकानदार ते भाग घेऊन आपापल्या दुकानात सायकल जोडीत व तीवर स्वतःचे नाव घालीत. तेव्हा चक्रावर बी. एस. ए. असणे ह्याचा अर्थ ते चक्र बी. एस. ए.चे, एवढाच. सायकल कोणाची, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. कारखाने विकले जातात. नावे मात्र मरत नाहीत. हंबर ही नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टन येथील टॉमस हंबर ह्यांच्या नावाची सायकल. तिच्या चक्रातील पाच मानवाकृती जुन्या लोकांस अद्याप आठवत असतील. हे नाव १९३२ साली नॉटिंगहॅमच्याच रॅले कंपनीकडे गेले. उघड्या पंजाच्या चिन्हाची कॉव्हेंट्रीची रज-व्हिटवर्थ १९४३ साली रॅलेनेच घेतली. १९५७ साली बी. एस. ए.चा सायकलींचा धंदाही रॅलेच्या हाती आला. इकडे १९१० साली क्रेन बंधूंनी बर्मिंगहॅम येथे काढलेला हर्क्युलिस कारखाना १९४६ साली ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स ह्या मोठ्या समूहाने विकत घेतला, आणि १९६० साली त्या समूहाचा सायकल-विभाग व रॅले हे दोन्ही एक झाले. म्हणजे एके काळी बाजारात एकमेकांशी झुंजणारी नावे पुढे एकाच मालकाच्या घरी नांदू लागली. बिल्ला हंबरचा, आणि सायकल रॅलेच्या कारखान्यातील, असे हजारो वेळा घडले आहे.

आणि तिसरी गोष्ट आपल्या देशाची. स्वातंत्र्यानंतर ही इंग्रजी नावे जहाजातून उतरून आपल्या भूमीवर कामास लागली. १९४९ साली मद्रासेस मुरुगप्पा घराणे व वर सांगितलेला ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स समूह ह्यांनी मिळून टी. आय. सायकल्स हा कारखाना काढला, आणि १९५१ साली तेथून पहिली हर्क्युलिस सायकल बाहेर पडली. पुढे फिलिप्स व बी. एस. ए. ही नावेही ह्याच कारखान्यातून निघू लागली. बंगालमध्ये आसनसोल येथे सेन-रॅले ह्या कंपनीने रॅले सायकली तयार केल्या. तेव्हा बिल्ल्यावरचे नाव इंग्रजी असले, तरी सायकल घडविणारे हात तमिळ असू शकतात, बंगाली असू शकतात. नाव वाचून गाव ठरविता येत नाही.

मग कर्ता ओळखावा कसा? मुलांस आम्ही सांगितले की, ह्यास न्यायालयाची रीत लावा. सायकलीचा प्रत्येक भाग हा एक साक्षीदार समजा, आणि तो बोलण्यापूर्वी त्यास विचारा, "बाबा रे, तू ह्या घरचाच, की मागाहून आलेला?"

सीट, पायडल, घंटी, कॅरियर, टायर हे तर पाहुणेच. वर्षा-दोन वर्षांनी बदलणारे. त्यांच्या साक्षीवर फाशी देता येत नाही. सीटवर ब्रुक्स हे नाव असले तर ती बर्मिंगहॅमच्या १८६६ सालापासूनच्या जुन्या कातडीकाम करणाऱ्या घराण्याची, एवढे कळते. पण उत्तम सीट माणूस एका सायकलीवरून काढून दुसरीवर बसवितोच. चाकाचा मधला हब हा त्याहून बरा साक्षीदार. तीन वेगांच्या स्टर्मी-आर्चर हबावर पुष्कळदा साल दर्शविणारे आकडे ठोकलेले आढळतात. परंतु तेही चाकाचे वय सांगतात, सायकलीचे नव्हे. चाक मोडले तर नवे घालतात. दातेरी चक्राची साक्ष आणखी वजनदार, कारण रॅलेचे बगळ्याचे मस्तक, रजचा पंजा, हंबरची पाच माणसे अशी खूण त्यातच कापलेली असे. तथापि आसावरची खीळ ठोकून काढली की चक्रही उतरते, हे कोणताही मिस्त्री सांगेल.

खरा घरचा माणूस म्हणजे फ्रेम. ती बदलली म्हणजे सायकलच बदलली. म्हणून कर्त्याचा शोध म्हणजे वास्तविक फ्रेमच्या कर्त्याचा शोध होय. तिचे पाहावयाचे काय? हँडलखालच्या उभ्या नळीवर बिल्ला असे; तो गेला असला तरी खिळ्यांची छिद्रे राहतात. ती एकाखाली एक आहेत की एकाशेजारी एक, आणि त्यांत अंतर किती, हे मोजून ठेवावे. कारण प्रत्येक बिल्ल्याची बैठक ठरलेली असते. सीटखालच्या जोडावर किंवा पायडलचा आस ज्या नळीत फिरतो तिच्या पोटाशी आकडा ठोकलेला असतो. आकड्याची रीत मात्र दर कारखान्याची निराळी. कारखाना कळल्यावाचून आकडा मुका असतो, हे विसरू नये. पुढल्या चिमट्याच्या माथ्याचा आकार पाहावा. नळ्यांचे जोड पाहावे. आणि मिस्त्री हुशार असेल तर त्या आसाच्या कटोरीचे आटे मोजावे. बहुतेक इंग्रजी कारखाने इंचास २४ आटे पाडीत. रॅले मात्र आपल्या घरच्या मापाने २६ पाडीत असे. रंग बदलता येतो, बिल्ला बदलता येतो. फ्रेममध्ये कापलेले आटे बदलण्याचे कष्ट कोणी घेत नाही. लबाडी जेथे पोचत नाही, तेथे सत्य टिकून राहते.

येथे एक सूचना आवर्जून करतो, कारण उत्साहाच्या भरात मुले हीच चूक करतात. अक्षरे शोधण्यासाठी पॉलिश-कागदाने रंग खरवडू नये. वरच्या रंगाखाली कारखान्याचा मूळ छाप असतो आणि तो कागदाहून पातळ असतो. एकदा खरवडला की ती साक्ष कायमची बुडाली. कोमट साबणपाण्यात भिजवून घट्ट पिळलेला मऊ कपडा, पुष्कळ उजेड आणि त्याहून पुष्कळ धीर, एवढीच साधने पुरेत. ठोकलेले आकडे वाचता येत नसतील तर त्यांवर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवावी. आकडे कागदावर उमटतात, आणि लोखंडास ओरखडाही पडत नाही.

असो. आता आमच्या सायकलीकडे वळू. बाजारातील एका वयस्क मिस्त्रीस आम्ही बोलाविले. त्याने सायकल उलटी करून हँडल व सीटवर उभी केली, आणि मुले तिच्याभोवती बसली. रंगाचे तीन थर होते: वर निळा, मधे हिरवा, खाली काळा. बिल्ला नव्हता; दोन छिद्रे तेवढी होती. जोडावरचा आकडा गंजाने अर्धा खाल्लेला. तास-दीड तास काही हाती लागले नाही. मग मिस्त्रीने मागचे चाक व मडगार्ड काढले आणि सीटखालच्या नळीची मागली बाजू उघडी झाली. तेथे रंगाऱ्याचा कुंचला कधीच पोचला नव्हता. कोठे वाळलेला चिखल, कोठे मूळचा काळा रंग. मुलांनी आळीपाळीने कपडा फिरविला. हळूहळू पिवळी बारीक अक्षरे दिसू लागली. पुरी ओळ नव्हती. 'टी. आय.' ही आद्याक्षरे, पुढे पुसलेली जागा, आणि शेवटी 'मद्रास'.

क्षणभर कोणी बोलले नाही. मुलांनी मद्रासच्या कारखान्याची साले त्या सकाळीच आमच्याकडून ऐकली होती. १९४९ साली निघालेल्या कारखान्याची फ्रेम १९४२ साली आष्टीच्या रस्त्यावर धावू शकत नाही, एवढे गणित नववीच्या मुलास सांगावे लागत नाही. तो विद्यार्थी उठून बाहेर गेला. त्याच्या पाठीस लागून समजूत घालावी असे आम्हांस वाटले. पण त्या वेळी आमच्याजवळ शब्द नव्हते, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी त्याचे आजोबा शाळेत आले. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. ते खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "गुरुजी, म्हंजे माह्या बापानं आमाले खोटं सांगतलं, असं म्हनता काय तुमी?"

वाचकहो, ह्या एका प्रश्नात ह्या लेखाचा सर्व भार आहे. जुन्या वस्तूचा कर्ता शोधणे हा रिकामपणाचा खेळ असता, तर त्या वृद्ध गृहस्थांचे डोळे भरून आले नसते. आम्ही त्यांस हात धरून बसविले आणि म्हणालो, "बाबा, तुमचे वडील खोटे बोलले असे लोखंड सांगत नाही. लोखंड एवढेच सांगते की, ही फ्रेम त्या सालची नव्हे. त्यांनी निरोप नेले असतील, सायकलीवरूनच नेले असतील. पण ती सायकल ही नसेल. माणूस जातो, त्याची वस्तूही जाते, आणि मागे जी वस्तू उरते तिच्यावर घरची आठवण जाऊन बसते. ह्यात लबाडी कोणाचीच नाही."

ते पुष्कळ वेळ गप्प होते. पुढे आठवड्याने त्यांनी नातवाबरोबर निरोप पाठविला की, लहानपणी घरात दोन सायकली उभ्या असल्याचे त्यांस पुसट आठवते, आणि जुनी मोडीत काढताना तिचे काही भाग नवीस बसविले, असे वडील म्हणत. ते चक्र त्या भागांपैकी असेल काय? असेलही. परंतु बी. एस. ए. हे नाव मद्रासेसही तयार होत असल्यामुळे चक्र विलायती की देशी, हे त्या तीन अक्षरांवरून ठरत नाही. आम्ही ती आठवण आठवण म्हणूनच वहीत लिहून घेतली, सांगणाऱ्याचे नाव व तारीख घालून. तिला पुराव्याच्या रकान्यात बसविले नाही.

आता आक्षेपाकडे येतो. आमच्या एका स्नेह्याने विचारले, "फलक तसाच राहिला असता तर कोणाचे काय बिघडले असते? मुलांस देशभक्तीचे स्फुरणच झाले असते." आमचे उत्तर असे. ज्यांनी त्या नागपंचमीस प्राण दिले, त्यांचे स्मरण खोट्या टेकूवर उभे करण्याची गरज नाही. ते स्वतःच्या पायांवर उभे आहे. उलट एक खोटा फलक दहा खऱ्या फलकांस बाधतो. उद्या कोणी जाणता पाहुणा आला, त्याने मद्रासचा छाप वाचला आणि तो हसला, तर त्याचे हसणे त्या एका सायकलीपाशी थांबेल काय? गावाच्या बाकीच्या खऱ्या कथाही त्यास दंतकथा वाटू लागतील. ज्याच्या घरी खरे नाणे आहे, त्याने त्यात एकही खोटे नाणे मिसळू देता कामा नये. हौतात्म्याचा मान राखावयाचा असेल, तर १९४२ हे आकडे मोजून-मापूनच लिहिले पाहिजेत.

दुसरा एक विचार आम्हांस ह्याहूनही अधिक टोचला, आणि तो पालकांपुढे स्पष्ट ठेवतो. सायकल १९४२ सालची नाही ह्याचे दुःख त्या घरास झाले, हे समजण्याजोगे आहे. परंतु ती विलायती नाही ह्याचे दुःख इतर पुष्कळांस झाले! "अरेरे, देशीच निघाली," असे उद्गार आम्ही आपल्या कानांनी ऐकले. आष्टीसारख्या गावात हे शब्द निघावे! ज्या सत्तेविरुद्ध आमच्या वाडवडिलांनी छाती पुढे केली, तिच्या देशाचा शिक्का नाही म्हणून आज आम्ही मान खाली घालावी काय? स्वराज्य आल्यावर चार-दोन वर्षांत ह्या देशाच्या कामकऱ्यांनी अशी सायकल घडविली की तिने एका घराच्या तीन पिढ्या वाहिल्या, तीन रंग पाहिले, आणि आजही ती चाकांवर उभी आहे. ह्यात खंत करण्यासारखे काय आहे? आम्हांस तर 'मद्रास' ही अक्षरे वाचताना अभिमान वाटला.

ह्या देशात सायकलीपासून किती मोठ्या गोष्टी निघाल्या, हे मराठी माणसास सांगावयास नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावास सायकलीचे दुकान काढले, तेव्हा ते परक्यांनी केलेला माल विकीत होते. परंतु त्यांची दृष्टी विक्रीवर थांबली नाही. ही वस्तू कोणी केली, कशी केली, आणि आपल्याला का करता येऊ नये, हा प्रश्न त्यांस सोडीना. त्यातून लोखंडी नांगर निघाले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. मुंबईत वरळी येथे हिंद सायकल्सचा कारखाना चालला. पंजाबात लुधियाना येथे १९५६ साली हीरो, हरियाणात सोनीपत येथे १९५१ साली अ‍ॅटलास असे कारखाने निघाले. त्यांपैकी काहींचे पुढे दिवस फिरले. हिंद व सेन-रॅले ह्या दोन्ही कंपन्या १९८० साली सरकारास ताब्यात घ्याव्या लागल्या, आणि २०२० साली अ‍ॅटलासच्या साहिबाबाद येथील कारखान्याचे काम बंद पडले. कारखाने बंद पडतात, नावे विकली जातात. त्यांतील कामकऱ्यांची आठवण ठेवणारे शेवटी त्यांनी केलेले लोखंडच उरते. त्या लोखंडावर आपण परक्याचे नाव लिहिले, तर ज्याने घाम गाळला त्याची मजुरी दुसऱ्याच्या पदरात टाकल्यासारखे होते. कर्ता ओळखणे म्हणजे ज्याचे त्यास देणे होय.

आणि कर्ता एकटा कारखानाच असतो असेही नाही. ह्या सायकलीस तीन वेळा रंग देणारा, चिमटा सरळ करणारा, आऱ्या ओढून चाक सूतात आणणारा, कॅरियरला पट्टीचा ठिगळ मारणारा मिस्त्री आष्टीच्याच बाजारातला. मद्रासने तिला जन्म दिला. वाढविले ह्या गावाने. म्हणून नव्या फलकावर त्यासही जागा मिळाली. तो फलक शेवटी असा झाला:

'पुरुषी सायकल, दांड्याच्या ब्रेकची. फ्रेम: टी. आय. सायकल्स, मद्रास; सन १९५१ किंवा त्यानंतर. चक्र: बी. एस. ए.; मूळचे की मागाहून बसविलेले, हे ठरलेले नाही. डागडुजी व रंग: आष्टी. घरची आठवण: ह्या घरातील एका पूर्वजाने सन १९४२ च्या लढ्यात सायकलीवरून निरोप नेले, ती सायकल ही नव्हे, परंतु तिचे काही भाग हिला लावले असावेत, असे घरची वडील मंडळी सांगतात.'

पहिल्या फलकापेक्षा हा लांब आहे, आणि त्यात डौल कमी आहे. परंतु ह्यातील प्रत्येक शब्दापाठीमागे आम्ही उभे राहू शकतो. प्रदर्शनाच्या दिवशी तो विद्यार्थी स्वतः सायकलीपाशी उभा होता, आणि येणाऱ्या प्रत्येकास मडगार्डाआडची पिवळी अक्षरे वाकून दाखवीत होता. त्याचे आजोबाही आले. त्यांनी फलक दोनदा वाचला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवले, आणि मान हलविली.

विद्यार्थ्यांनो, आता थोडे तुमच्याशी. सुटीत आपल्या घरातील एक जुनी वस्तू निवडा. तिच्यावरचे नाव लिहून घ्या, पण तेवढ्यावर विसंबू नका. ती उलटी करून पाहा. कर्त्याची खूण दर्शनी बाजूस क्वचितच असते. काय दिसले ते एका रकान्यात लिहा आणि घरची माणसे काय सांगतात ते दुसऱ्या रकान्यात. दोन्ही रकाने मोलाचे आहेत. त्यांची सरमिसळ तेवढी करू नका. आजी-आजोबांचे बोलणे आजच लिहून घ्या, कारण लोखंड थांबते, माणूस थांबत नाही. आणि पालकांस विनंती की, अशी वस्तू मोडीवाल्याच्या तराजूत घालण्यापूर्वी एकदा मुलांच्या हाती द्यावी.

ज्यांस ह्या विषयाची गोडी लागेल त्यांस जाण्यासारखी ठिकाणे आहेत. पुण्यास कर्वेनगरात विक्रम पेंडसे ह्यांनी आपल्या संग्रहातील जुन्या सायकलींचे संग्रहालय २०१७ साली उघडले. तेथे निरनिराळ्या कारखान्यांच्या सायकली एकीशेजारी एक पाहिल्या म्हणजे बिल्ला, चिमटा, जोड ह्यांतील फरक पुस्तकावाचून कळू लागतो. इंग्लंडात जुन्या सायकलींच्या शोधकांचे मंडळ १९५५ सालापासून हेच काम करीत आहे. पण इतके लांब जाण्यापूर्वी आपल्याच जिल्ह्यात वर्ध्यास मगन संग्रहालय पाहावे. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते ते उघडले. खेड्यातील कारागिराच्या हातची वस्तू आदराने कशी पाहावी, हे शिकविण्यासाठीच ते उभे आहे.

सायकल प्रदर्शनानंतर घरी परत गेली आहे. तिचा निळा रंग तसाच ठेवला आहे, गंज तसाच आहे, कोणी तीवर नवा बिल्ला ठोकलेला नाही. त्या घरच्यांनी फलकही मागून नेला, आणि ओसरीवर सायकलीच्या वर तो टांगला आहे, असे ऐकतो. पहिला रंगविलेला फलक शाळेच्या कपाटात आहे. पुढल्या वर्षीच्या मुलांस आम्ही तो दाखवू आणि तोच प्रश्न पुन्हा विचारू: "हे तुम्हांस कशावरून कळले?"